झिरोचाचा

झिरोचाचा कारखान्यात आले की पहिली काही मिनिटं कुणाशी म्हणजे कुणाशी बोलत नसत. सलाम केला तर तो डोळ्यानंच घ्यायचे. स्कूटर लिंबाखाली लावायची, हेल्मेट काढायचं, मेंदीनं लालभडक केलेल्या केसांवरून कंगवा फिरवायचा, मग वाऱ्याकडं तोंड करून डोळे मिटून उभं राहायचं. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारबाबाला चक्कर आली. जुन्यांना ठाऊक असायचं की चाचा स्वतःला झिरो करताहेत. वाटेत कुणाशी भांडण झालं असेल, उमरग्याच्या चौकात ट्रकवाल्यानं शिवी दिली असेल, घरी चाचीनं काही सुनावलं असेल, ते सगळं उतरवायचं, आणि मगच डोळे उघडून म्हणायचे, "हां. वालेकुम सलाम. आता बोला." तोवर सलाम करणारा चहाला जाऊन परत आलेला असायचा.

आमचा कारखाना लोहारा आणि उमरग्याच्या मधल्या माळावर. उसाच्या मळीपासून स्पिरिट करतो. स्पिरिटची वाफ डोळ्याला दिसत नाही आणि ठिणगी मिळाली की कुणाचं ऐकत नाही. म्हणून टाक्यांपाशी आणि टँकर भरायच्या जागेवर मुठीएवढे सेन्सर बसवलेले. हवेत वाफ वाढली की यांनी ओळखायचं आणि हूटर वाजवायचा. पण ही डबडी खरं बोलतात की नाही, हे कुणी बघायचं? ते काम चाचांचं. वर्षातून दोनदा ते यायचे. आधी स्वच्छ हवेत सेन्सरचा आकडा शून्यावर आणायचा, मग बाटलीतला मोजका गॅस नळीनं त्याच्या तोंडाशी सोडायचा. जेवढा दिला तेवढाच त्यानं दाखवायचा. याला कॅलिब्रेशन म्हणतात. चाचा त्याला इमानाची परीक्षा म्हणायचे.

त्यांना कुणी 'गॅसवाला' म्हटलेलं मात्र खपायचं नाही. "गॅसवाला घरी सिलेंडर टाकून जातो. मी इंजिनियर आहे. डिप्लोमा, फर्स्ट क्लास." हा फर्स्ट क्लास त्यांनी मॅनेजरला सांगितला होता, वॉचमनला सांगितला होता, चहाच्या गाड्यावरच्या बाईला तर इतक्यांदा सांगितला होता की ती कपात चहा ओततानाच म्हणायची, "घ्या, फर्स्ट क्लास." चाचांना त्यातली थट्टा कळायची नाही. किंवा कळायची आणि तरीही आवडायचं.

मी इन्स्ट्रुमेंट खात्यात लागले तेव्हा तिथली एकटीच बाई. चाचांनी पहिल्या भेटीत माझं शिक्षण विचारलं नाही, गाव विचारलं. मी म्हटलं, तेरखेडा. चाचा खूश झाले. फटाक्यांचं गाव! "मग ठिणगीचं तुला काय सांगायचं, बेटा? तू तर पाळण्यातच शिकलीस." मी म्हटलं, आमच्या घरात फटाके नाहीत, मेंढरं आहेत. तर म्हणाले, "बेस्ट! मेंढरं पण रोज मोजावी लागतात, हरवली किती, सापडली किती. आपलाच धंदा." त्या दिवसापासून शिडी धरायचं आणि छत्री धरायचं काम माझ्याकडं आलं.

छत्रीचं सांगितलंच पाहिजे. आमच्या माळावर वारा असा की डोक्यावरचा पदर कर्नाटकात जाऊन पडावा. त्या वाऱ्यात नळीतला गॅस सेन्सरपर्यंत पोचायचाच नाही, वाटेतच पळायचा. सेन्सरवर बसवायची एक टोपी असते, पण चाचांचा तिच्यावर भरवसा नव्हता. ते भर एप्रिलच्या उन्हात शिडीवर चढायचे आणि मी खालून मोठी काळी छत्री उघडून वाऱ्याच्या अंगाला धरायची. रस्त्यावरनं जीप जायच्या, लोक माना बाहेर काढून बघायचे. ढग नाही, थेंब नाही, आणि एक म्हातारा शिडीवर, एक बाई छत्री घेऊन खाली. एकदा माझा सासरा त्या जीपमध्ये होता. घरी आल्यावर मला विचारतो, "सूनबाई, तुला पगार नक्की कशाचा देत्यात गं?"

चाचांची जगाकडं बघायची रीतही त्याच कामातून आलेली. "दिला तेवढा दाखव. कमी दाखवला तर चोर, जास्त दाखवला तर नाटक्या." हे वाक्य ते सेन्सरला लावायचे आणि नातेवाईकांनाही. त्यांची एक मेहुणी होती. तिच्याबद्दल म्हणायचे, "तिला पावशेर दुःख द्या, पायलीभर दाखवते. आणि आनंद पायलीभर दिला तर म्हणते, कुठाय?" त्यांचा थोरला भाऊ उलटा. हाड मोडलं तरी 'काय न्हाय, काय न्हाय' म्हणायचा. "त्याचा सेन्सर बदलायची वेळ झालीय," चाचा हळहळायचे. आपण स्वतः कसे आहोत, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. चाचीनं एकदा सांगितलं. म्हणाली, "यांचं? यांना ताप आला की सगळ्या गल्लीला कळतं."

मी मुळात तापट. मेंढरांना हाकारे घालून घालून आमच्या घरात सगळ्यांचेच आवाज मोठे, आणि डोकंही लवकर फिरतं. एकदा मी फोनवर नवऱ्याशी कडाकडा भांडत होते. विषय काय, तर त्यानं दूध उतू घालवलं. चाचा शिडीवरून खाली उतरले आणि हात जोडून म्हणाले, "बेटा, आधी झिरो कर. तुझा काटा सकाळपासूनच वर आहे, त्यात दुधाचं काय खरं दिसणार?" मला राग आला. फोन ठेवला, हापशावर जाऊन तोंड धुतलं, परत फोन लावला. तर काय, बोलायला काही उरलंच नव्हतं. मेलं, भांडणाची मजाच गेली. पण त्या माणसानं माझा संसार दोन-चार वेळा तरी असाच वाचवला असेल, हे मला कबूल केलं पाहिजे.

कॅलिब्रेशनच्या दिवशी कारखान्यात अत्तर, सेंट, सॅनिटायझर सगळं बंद. आमचे सेन्सर स्पिरिटचे, त्यांना त्यातल्या कशाचंही निमित्त पुरतं. चाचांना स्वतःला अत्तराचा भारी शौक, पण त्या दिवशी ते कोरडे यायचे. अशाच एका दिवशी नवे मॅनेजर हजर झाले. त्यांना सेन्सरखाली उभं राहून फोटो काढून घ्यायचा होता, वरच्यांना पाठवायला. फोटोला वास येत नाही हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी खिशातून सेंटची बाटली काढली आणि सेन्सरच्या ऐन तोंडाखाली दोन्ही काखांत फस्‌फस् केलं. हूटर असा कोकलला की सगळा कारखाना लिंबाखाली पळाला. टँकरचे ड्रायव्हर चपला सोडून पळाले. मॅनेजर तर सगळ्यांच्या पुढं. एकटे चाचा शिडीवर टाळ्या वाजवत होते, "जिवंत आहे! जिवंत आहे!" नंतर त्यांनी मॅनेजरचा हात हातात घेऊन मनापासून आभार मानले. मॅनेजर त्यानंतर महिनाभर नुसत्या साबणावर होते.

टँकर भरायच्या जागेवरचे फोरमन खाजाभाई. अंगानं धिप्पाड, मिशा राखलेल्या, मनानं लोण्याचा गोळा, पण मानाचे फार भुकेले. कुणी 'या' म्हटलं नाही तर आठवडाभर त्या दारात जाणार नाहीत. चाचांचं आणि त्यांचं चांगलं जमायचं. दोघंही दखनीत एकमेकांची टर उडवायचे. चाचांचा अस्लम उमरग्याला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नोकरीला, आणि खाजाभाईंची सना तिथंच एका दवाखान्यात नर्स. पोरांनी एकमेकांना आधीच बघून ठेवलं होतं. मग आयांच्या कानावर गेलं आणि सगळ्यात शेवटी बापांना कळलं, जसं सगळीकडं होतं. अस्लमनं तर सांगून टाकलं होतं, सना नाही तर कुणीच नाही. चाचा हे मला सांगताना इतके फुलले होते की शिडीवर एक पायरी चुकले. पोरगा एकुलता एक, उशिरा झालेला. त्या पोराच्या लग्नासाठी त्यांचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

त्या वर्षी दसऱ्याला मी बाळंतपणाच्या रजेवर होते. खंडेनवमीला आमच्याकडं यंत्रांची पूजा जोरात होते. हातोडीपासून बॉयलरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. खाजाभाईंना हौस दांडगी. आपली जागा सगळ्यात चकचकीत दिसावी म्हणून त्यांनी गाड्यांच्या डॅशबोर्डला मारतात तो पॉलिशचा स्प्रे आणला आणि पंप, पाइप, मीटर, सेन्सर, सगळ्यांवर मारला. एकदा नाही, दोनदा. जागा आरशासारखी झाली. आणि काय नवल, त्या दिवसापासून हूटर गप! एरवी टँकरचा पाइप काढताना थोडी वाफ सुटली की तो बोंबलायचा, ड्रायव्हर वैतागायचे. आता आवाज म्हणून नाही. सगळे म्हणाले, आई भवानी पावली. मॅनेजरनी खाजाभाईंना शाल आणि नारळ दिला. खाजाभाईंनी ती शाल घरात काचेच्या कपाटात लावली.

मी कामावर परतले त्याच आठवड्यात चाचांची फेरी आली. तीही नेमकी मंगनीच्या दिवशी. संध्याकाळी चाची जीपनं मिठाई आणि अंगठी घेऊन खाजाभाईंच्या क्वार्टरवर येणार, चाचा काम संपवून तिथंच जाणार असं ठरलेलं. स्कूटरच्या डिकीत इस्त्रीचा पांढरा कुर्ता होता आणि अत्तराची बाटली, एकात एक तीन पिशव्यांत गुंडाळलेली.

पहिल्या सेन्सरला चाचांनी गॅस लावला. आकडा शून्य. नळी झटकली, परत लावला. शून्य. बाटली तपासली, माझ्यावर खेकसले, "छत्री नीट धर!" दुसऱ्याला लावला, तिसऱ्याला लावला. टँकर भरायच्या जागेवरचा एकही सेन्सर हलेना. चाचांनी बोट फिरवलं, बोट तुळतुळीत निघालं. ते शिडीच्या पायरीवरच बसले. त्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं आणि सिलिकॉन म्हणजे या सेन्सरना जहर. आकडा शून्य होता तो वाफ नव्हती म्हणून नव्हे, सेन्सर मेले होते म्हणून. दसऱ्यापासून आमचे लोक मेलेल्या पहारेकऱ्यांच्या भरवशावर टँकर भरत होते आणि वर नारळ फोडत होते.

"किसने मारा ये?" चाचांनी विचारलं. खाजाभाई मिशीवर हात फिरवत पुढं आले. "मीच. डबल कोट!"

चाचांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं. मी छत्री मिटत जवळच होते, सगळं ऐकू येत होतं. खाजाभाईंचा चेहरा उतरत गेला. मग ते चाचांचा हात धरून म्हणाले, "आज नुसतं बरं आहे म्हणा. बाहेर टँकरची रांग लागलीय. आज घरात शुभकाम आहे, माझी शाल अजून नवी आहे हो! चार दिवसांनी सांगा, तवर नवे सेन्सर मागवू."

"चार दिवस टँकरवर कोण उभं राहणार?" चाचा म्हणाले.

"म्याच की. रोजच राहतो."

"मग न्हाय जमायचं," चाचा म्हणाले आणि थेट मॅनेजरकडं गेले. भरणं थांबवा, नवे सेन्सर बसेपर्यंत एक थेंब भरायचा नाही. मॅनेजरनी सगळ्यांना बोलावून विचारलं, हे कुणी केलं. चाचांनी नाव घेतलं नाही, पण सांगायची गरजच कुठं होती? खाजाभाई शाल घेत होते तेव्हा अख्ख्या कारखान्यानं टाळ्या वाजवल्या होत्या. कुणीतरी मागून हसलं. खाजाभाई कानापर्यंत लाल झाले आणि सगळ्यांसमोर चाचांना म्हणाले, "संध्याकाळी माझ्या दारात येऊ नका. झाली सोयरीक."

चाचा गेटवर आपल्या हत्यारांच्या पेटीवर जाऊन बसले. मी म्हटलं, चाचा, घरी जा आता. तर म्हणाले, "मी गेलो की हे टँकर लावतील. मला माणसं ठाऊक आहेत." चाचीला 'येऊ नको' सांगायला फोन लावत होते, पण तिचा फोन लागतच नव्हता. फोन बाजूला ठेवला आणि एकदम त्यांचे डोळे भरून आले. "बेटा, अस्लमला काय सांगू? बापानं एक खोटा शब्द बोलायला पाहिजे होता, तेवढंही झालं न्हाय." मी त्यांच्याजवळ बसून राहिले. मलाही रडू येत होतं, आणि खाजाभाईंचा असा राग येत होता की ती शाल आणून टँकर पुसायला घ्यावी.

दिवस कलला तशी मी क्वार्टरवर गेले. आमचं घर खाजाभाईंच्या भिंतीला भिंत. बघते तर दारात जीप! चाचीला काहीच कळलेलं नव्हतं. ती ठरल्या वेळी येऊन आत बसली होती, खाजाभाईंच्या बायकोनं, भाभींनी, तिला शरबत दिलं होतं, सनाच्या बोटात अंगठी जाऊन पेढाही वाटून झाला होता. भाभींनी मलाही आत ओढलं. माझ्या तोंडात पेढा, आणि सांगू कसं? तेवढ्यात खाजाभाई आले. चाचीला बघून दारातच थबकले. मग सगळं बाहेर पडलं. सांगताना ते मुद्दामच मोठ्यानं सांगत होते, चाचीला ऐकू जावं म्हणून. चारचौघांत माझी इज्जत काढली, शाल घेऊन बसलो होतो त्याची माती केली, आता ही सोयरीक होणे नाही.

चाचीनं अंगठीकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. सना भिंतीला टेकून उभी राहिली. भाभींनी मात्र नवऱ्याला एकच विचारलं, "वो सेन्सर मरेले थे तो तुम किधर खडे रहते थे?"

"टँकरवर. अजून कुठं?"

"रोज?"

"रोज."

भाभी खाली बसल्या. मग म्हणाल्या, "इज्जत गई तो गई जी. तुम तो घर कू आए ना?" आणि रडायलाच लागल्या. पुढचं त्या जे बोलल्या ते मी माझ्या बोलीत सांगते. सोयरीक मोडंल हे दिसत असताना ज्यानं माझ्या नवऱ्याचा जीव आधी बघितला, त्याच्या घरात पोरगी द्यायची न्हाय तर कुणाच्या? उठा, जावा, त्यास्नी घिऊन या. न्हायतर तुमी बी गेटवरच ऱ्हावा.

खाजाभाई गेटवर गेले, मी मागं मागं. एवढा धिप्पाड माणूस चाचांपुढं शाळेतल्या पोरासारखा उभा. "चला जी. अंगठी बी घातली त्यांनी, आपल्याला कोण विचारतंय?"

चाचांना आधी खरंच वाटेना. मग म्हणाले, "आणि टँकर?"

खाजाभाईंनी वैतागून कमरेला लावलेली, टँकर भरायच्या पंपाची किल्ली काढून त्यांच्या हातावर आपटली. "हे घ्या! आता तरी उठा!" चाचांनी किल्ली नीट खिशात घातली, खिसा चाचपला, मगच वॉचमनच्या खोलीत जाऊन कपडे बदलले आणि अख्खी अत्तराची बाटली अंगावर ओतून बाहेर आले. रस्ताभर आम्ही तिघंही शिंकत होतो.

नवे सेन्सर बसले, मगच टँकर हलले. पोरांचं लग्न झालं. चाचांनी काम सोडलं, पुढं नात झाली, तिला खांद्यावर घेऊन ते दोन-तीनदा कारखान्यात येऊन गेले. गेल्या वर्षी थंडीत चाचा गेले. मी मातीला गेले होते. खाजाभाई लहान मुलासारखे रडत होते आणि त्यांना आवरायला त्यांचा जावईच पुढं झाला. अजून फेरीच्या दिवशी मला करमत नाही, कुणी मुद्दाम माझ्यावर खेकसावं असं वाटतं.

आता ते काम माझ्याकडं आहे. वर्षातून दोनदा मी करते. पण खाजाभाईंना ते पुरत नाही. रोज सकाळी पहिला टँकर लागायच्या आधी ते स्वतः गॅसची बाटली घेऊन एकेका सेन्सरपाशी जातात, हूटर वाजला की पुढं सरकतात, आणि तोवर कुणालाही इंजिन चालू करू देत नाहीत. परवा हैदराबादकडचा एक नवा ड्रायव्हर चिडला. म्हणाला, नियम सहा महिन्यांचा आहे, तुम्ही रोज आमचा खोळंबा कशाला करता?

खाजाभाईंनी बाटली पोटाशी धरली आणि म्हणाले, "आमच्या व्याह्यानं यापायी एकुलत्या पोराचं लगीन पणाला लावलं हुतं. तू जरा चहा पिऊन ये, बाबा."